काळं तेवढं वाचणारी

सीलबंद पाकीट फोडलं की ती बाहेर येते, आणि त्या क्षणी वर्गातली सगळ्यांत नीटनेटकी वस्तू तीच असते. वहीच्या पानापेक्षा जाड, गुळगुळीत कागद. प्रत्येक प्रश्नाच्या आकड्यापुढे चार बारीक गोल, फिकट रंगात छापलेले. कडेनं सारख्या अंतरावर काळे ठोकळे. मुलांना ते नक्षीसारखे वाटतात, पण ते असतात यंत्रासाठी. कुठली ओळ कुठे आहे हे त्याला त्यांवरून कळतं. तिला घडी चालत नाही, दुमडलेला कोपरा चालत नाही, घामेजलेला हात पुसलेला चालत नाही. ओएमआर उत्तरपत्रिका हे तिचं सरकारी नाव. वर्गात त्या नावानं तिला फारसं कुणी ओळखत नाही. "गोल पूर्ण काळा करा, बाहेर जाऊ देऊ नका," एवढीच तिची ओळख गुरुजी करून देतात, आणि दहा-अकरा वर्षांचं मूल मान खाली घालून तिच्याशी जुळवून घ्यायला लागतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती राज्यभरच्या केंद्रांवर एकाच वेळी हजर होते. तो शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस. ही परीक्षा आपल्याकडे १९५४-५५ पासून चालत आली आहे, त्यामुळे बऱ्याच घरांत "मीपण स्कॉलरशिपला बसलो होतो" असं सांगणारं कुणीतरी वडीलधारं असतं. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असायची, २०१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचं ठरलं आहे. दोन पेपर; प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. पेपरला दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्यात वाचायचं, समजून घ्यायचं, कच्चं काम करायचं आणि निवडलेला गोल काठोकाठ भरायचा. बॉलपेननं एकदा भरला की भरला. खाडाखोड केलेलं उत्तर ती मानत नाही. शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरातली सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे खोडरबर, आणि तेच नेमकं तिच्यापुढे बाहेर काढायचं नाही.

आठवीच्या मुलांना ती जरा मोठं समजते. त्यांच्या पेपरातल्या वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात, आणि दोन्ही गोल भरावे लागतात. एकच ओळखला तर गुण नाही. अर्ध्या वाटेपर्यंत पोचलेलं मूल आणि वाटेलाच न लागलेलं मूल तिच्या हिशेबात एकाच जागी उभं असतं.

तरीही तिची बाजू आधी सांगायला हवी, कारण ती खरी आहे. ती नाव बघत नाही. आडनाव तर मुळीच नाही. अक्षर मोत्यासारखं आहे की कुत्र्याचे पाय मांजराला, मूल पहिल्या बाकावरचं की दाराजवळचं, वडील सरपंच की कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, तिच्यापुढे सगळ्यांचा काळा गोल सारखाच काळा. आपल्याकडे तोंड बघून गुण देण्याची रीत किती जुनी आहे हे ज्यानं सोसलं आहे, तो तिच्या या आंधळेपणाला कधीच हलकं लेखणार नाही. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेतलं पोर जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत येतं, तेव्हा त्या पोराला, त्याच्या आईला आणि त्याच्या गुरुजींना जे मिळतं ते शिष्यवृत्तीच्या रकमेहून कितीतरी मोठं असतं. शिवाय तिच्याशी वाद घालता येतो. राज्याची परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, हरकती मागवते, मग अंतिम सूची काढते. एखाद्या परीक्षकानं मनातल्या मनात कापलेल्या दोन गुणांवर हरकत घ्यायची म्हटली, तर ती घेणार कुठे?

तिचं घराणं अमेरिकेतलं, आणि तिचा जन्मही याच न्यायाच्या ओढीतून झाला. कॅन्सस राज्यातले शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांनी शिक्षकांच्या गुण देण्यात किती तफावत पडते याचा अभ्यास केला होता. १९१४-१५ च्या सुमारास त्यांनी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातल्या एका प्रश्नात चार प्राण्यांची नावं होती: गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर उपयोगी पडणाऱ्याच्या नावाभोवती मुलानं रेघ ओढायची, बस्स. तपासणाऱ्याच्या मर्जीला जागाच उरली नाही. दोन वर्षांत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्यात भरती झालेल्या सुमारे १७ लाख माणसांची अशाच सामूहिक चाचण्यांनी पारख झाली. एवढ्या मोठ्या संख्येला एकाच फूटपट्टीनं झटपट मोजता येतं म्हटल्यावर शाळाखात्यांनी तिला जवळ केलं नसतं तरच नवल.

तिला आजचं रूप येण्यात ज्यांचा मोठा हात आहे ते रेनॉल्ड जॉन्सन मात्र शिक्षक होते, मिशिगनमधल्या आयर्नवुड या गावी हायस्कुलात शिकवणारे. लहानपणी त्यांनी एक खोडी केली होती. बहिणींना भेटायला तरुण मुलं मोटारी घेऊन यायची. हे पोरगं त्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवायचं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. ती रेघेवरूनच निसटायची, ठिणगी पडायची नाही आणि गाडी सुरू व्हायची नाही. पुढे शिक्षक झाल्यावर, पेपर तपासायचं यंत्र कसं करावं याचा विचार करताना, त्यांना ही खोडी उपयोगी पडली. मुलानं पेन्सिलीनं केलेल्या खुणेतून वीज जात असेल, तर ती खूण यंत्राला ओळखता येईल. १९३४ मध्ये आयबीएमनं त्यांना नोकरीवर घेतलं, आणि १९३८ मध्ये ८०५ क्रमांकाचं उत्तरं तपासणारं यंत्र बाजारात आलं. पन्नाशीच्या दशकात आयोवा विद्यापीठातल्या ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी विजेऐवजी प्रकाशानं वाचणारं यंत्र बनवलं. आजही तेच तत्त्व चालतं. कागदावर प्रकाश पडतो. पांढऱ्यावरून जास्त परततो, काळ्यावरून कमी. तिचं आणि यंत्राचं बोलणं एवढंच.

त्या स्पार्क प्लगपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. ते ज्ञान कुठल्या पेपरात विचारलेलं नव्हतं. चार पर्याय नव्हते, गुण नव्हते. मिळाला असेल तर ओरडाच मिळाला असेल. एका मुलानं आपल्या मनानं काहीतरी करून बघितलं, त्यातून काय झालं ते त्याच्या लक्षात राहिलं, आणि कितीतरी वर्षांनी भलत्याच ठिकाणी ते कामी आलं. याच जॉन्सन यांनी पुढे १९५६ मध्ये संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं. ज्या उचापतीतून या उत्तरपत्रिकेचं यंत्र निघालं, ती उचापत एखाद्या मुलात आहे की नाही हे सांगणारा एकही गोल तिच्या अंगावर नाही. आपल्या शाळांतल्या जॉन्सनांचं काय होतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

तिचा स्वभाव शाळेत कसा उतरतो ते बघायचं असेल तर जादा तासाला जाऊन बसावं. शाळा भरण्याआधी तास, सुटल्यावर तास, दिवाळीच्या सुट्टीतही तास. तिथला एक कानमंत्र असा: आधी प्रश्न वाचा, मग उतारा. सल्ला अगदी बरोबर आहे, त्यानं गुण वाढतात. पण असं वाचणारं मूल उताऱ्यात शिरतं ते उत्तर उचलण्यासाठी, आणि उचललं की बाहेर पडतं. उतारा नदीवरचा असो की कुणाच्या बालपणावरचा, तिथे रेंगाळायची सोय नाही. कवितेचंही तेच. कविता मोठ्यानं म्हणावी, एखादी ओळ आवडली तर पुन्हा म्हणावी, घरी जाताना रस्त्यात गुणगुणावी, हे सगळं ७२ सेकंदांत कसं बसणार? गणिताचे कानमंत्र निराळे: एकक स्थानचा अंक बघा, न जुळणारे पर्याय उडवा, उरलेला रंगवा. त्यातही डोकं लागतं, मी नाकारत नाही. नको ते वगळत जाणं हाही विचारच आहे. पण वर्षभर तेवढंच केलेल्या मुलांपुढे फळ्यावर पर्यायांविना गणित टाकून पाहावं. हुशार मुलंसुद्धा गोंधळतात. उत्तर आपल्याला तयार करायचं आहे, ते आधीपासून कुठे ठेवलेलं नाही, हेच त्यांना परकं वाटायला लागलेलं असतं.

आणि मातृभाषा. मराठीच्या पंचवीस प्रश्नांत मूल मराठीचं एकही वाक्य लिहीत नाही. समानार्थी शब्द ओळखतं, वाक्प्रचाराचा अर्थ निवडतं, म्हण पुरी करतं, आणि हे येणं चांगलंच आहे. पण "काल आमच्या गोठ्यात" असं सुरू करून पुढच्या चार ओळी स्वतःच्या मनानं लिहिणं, त्यातला शब्द न पटून खोडणं, दुसरा घालणं, याला तिच्या अंगावर जागा नाही. तिच्या अंगावर जागा नाही म्हणून मग ती वेळापत्रकातही उरत नाही. परीक्षा जवळ आली की चित्रकला, कार्यानुभव, खेळ यांच्या तासिका सहज तिच्या नावावर होतात. तक्रार कुणी करत नाही. कित्येकदा पालकच सुचवतात.

काही शाळांत वर्गाचे दोन भाग पडतात: शिष्यवृत्तीला 'बसणारी' आणि 'न बसणारी'. शिक्षक दोन आणि वर्ग चार-पाच असतील तर हे आपोआपच होतं. गुरुजी बसणाऱ्यांना घेऊन व्हरांड्यात जातात, उरलेल्यांना पाढे लिहायला सांगितलेले असतात. दहाव्या वर्षी आपण कुठल्या गटातले हे मुलाला कळतं, आणि ते कुणी तोंडानं सांगावं लागत नाही. बसणाऱ्यांचंही सगळं सुखाचं नसतं. निकालानंतर गावच्या चौकात शिष्यवृत्तीधारकांचा फ्लेक्स लागतो, त्यावर फोटो असतात. दोन गुणांनी हुकलेलं मूल रोज त्या फ्लेक्सखालून शाळेत येतं. आधी ज्याला पाण्यातली प्रतिमा आणि आरशातली प्रतिमा यांचं कोडं आवडायचं, घरी खरोखर थाळीत पाणी घेऊन जे बघायचं, ते मूल नंतर त्या पुस्तकाला हात लावत नाही. नुकसान होतं ते इथे. त्याची नोंद कुठल्याच निकालपत्रकात येत नाही.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. तोंडावर इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस येऊन मुलं उचलून नेते. पट घसरला तर शाळेचंच भवितव्य टांगणीला लागतं. अशा वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या हातात गावाला दाखवण्यासारखं जे असतं, त्यात तो फ्लेक्स असतो. ते आपल्या पदरच्या पैशांनी सराव प्रश्नपत्रिका छापून आणतात, रात्री मुलांना बसवतात. त्यांची मेहनत खोटी नाही. ती एकाच अरुंद चाळणीतून जावी लागते, हे दुःख आहे.

या कागदावर फार मोठं ओझं टाकलं की काय होतं, ते तिच्या माहेरीच दिसलं. २००२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: तिसरी ते आठवीच्या मुलांची दर वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी घ्यायची, आणि २०१४ पर्यंत एकूण एक मूल अपेक्षित पातळीला आणायचं. हेतू वाईट नव्हता. गरीब वस्तीतल्या, कृष्णवर्णीय मुलांचं मागे पडणं झाकलं जायचं, ते आकड्यांनी उघडं पडलं. पण आकडे गाठले नाहीत तर शाळेवर कारवाई, म्हणून शाळा आकड्यांमागे धावू लागल्या. २००७ मधल्या एका देशव्यापी पाहणीत ४४ टक्के शाळा-जिल्ह्यांनी प्राथमिक वर्गांत इतर विषयांचा किंवा मधल्या सुट्टीसारख्या गोष्टींचा वेळ कापल्याचं सांगितलं. इतिहास गेला, विज्ञान गेलं, गाणं गेलं.

मग अटलांटा. जॉर्जिया राज्यातल्या या शहराच्या शाळांचे निकाल वर्षामागून वर्ष चढत होते, देशभर कौतुक होत होतं. तिथल्या मुलांना उत्तरं पेन्सिलीनं भरायची असत, आणि स्कॅनर नुसती काळी खूण टिपतो असं नाही, खोडल्यावर मागे राहिलेली पुसट छटाही टिपतो. २००९ च्या उत्तरपत्रिकांत चुकीचं खोडून बरोबर केलेल्या उत्तरांचं प्रमाण इतकं होतं की मुलांनी ते केलं असणं शक्य नव्हतं. राज्यानं नेमलेल्या तपास अधिकाऱ्यांचा अहवाल २०११ मध्ये आला: ४४ शाळा, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुलं घरी गेल्यावर मोठ्या माणसांनी बसून गोल दुरुस्त केले होते. २०१५ मध्ये न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. ज्या मुलांना वाचता येत नव्हतं ती कागदावर वाचू लागली होती, त्यामुळे त्यांना मदत हवी आहे हे कुणाला दिसेनासं झालं. आपल्याकडेही २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत गैरमार्गानं पात्र ठरल्याबद्दल ७,८०० हून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेला कारवाई करावी लागली. वर्गात उभं राहून मुलांना शिकवू पाहणारी माणसं होती ही.

एवढं सगळं झाल्यावर चाचणीच नको म्हणावंसं वाटतं, पण ते खरं होणार नाही. याच कुळातली एक वेगळी चाचणी आपल्या देशात आहे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' ही पाहणी होते. कार्यकर्ते गावात घरोघर जातात आणि एका वेळी एका मुलाजवळ बसतात. हातात साधासा कागद: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात वजाबाकी, भागाकार. मूल मोठ्यानं वाचतं, अडखळतं, पुन्हा वाचतं, आणि बसलेलं माणूस ऐकतं. त्या मुलाला गुण मिळत नाहीत, त्याचा नंबर लागत नाही, शाळेचं नाव कुठे छापून येत नाही. तरी देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे कटू सत्य अशाच कागदांनी वर्षानुवर्षं सांगितलं. मुलाला धाक न घालता मोजता येतं, आणि तसं मोजलेलं जास्त खरं निघतं, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. मग दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर गुणवत्ता यादी कशासाठी? गरीब घरच्या मुलाला शिकायला पैसे द्यायचे आहेत ना, ते द्यावेतच, आजच्याहून जास्त द्यावेत. पण वर्गाचं सगळं वर्ष त्यासाठी गहाण टाकू नये.

आणि ही उत्तरपत्रिका वर्गात आलीच, तर तिला शेवटचा शब्द बोलू देऊ नये. असं करणाऱ्या बाई आहेत, गुरुजी आहेत. सराव परीक्षा झाली की ते उत्तरसूची वाचून दाखवत नाहीत, एकेक प्रश्न घेऊन विचारतात, "बाकीचे तीन का नाहीत?" बुद्धिमत्ता चाचणीत विसंगत पद ओळखायचं असतं. समजा, ३१ वा प्रश्न: चिमणी, कावळा, वटवाघूळ, पोपट. सूचीतलं उत्तर वटवाघूळ, कारण ते पक्षी नाही, सस्तन प्राणी आहे. एक मुलगी उठून म्हणते, "बाई, कावळा. पिंडाला तोच शिवतो, दुसरं कुणी नाही." मागून एक जण म्हणतो की पोपट, कारण पिंजऱ्यात कोंडतात तो त्यालाच. बाई दोघांनाही चूक म्हणत नाहीत. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल, ते का असेल, यावर वर्ग बोलू लागतो. पक्षी कशाला म्हणायचं, यावरून वाद होतो. पंख पुरेत की पिसं हवीत, यावर दोन तट पडतात. तेवढ्यात आतापर्यंत गप्प असलेलं एक पोर विचारतं, "बाई, वटवाघूळ उलटं लटकतं ना? मग ते पिल्लाला दूध कसं पाजतं?" बाईंनाही ते ठाऊक नसतं. त्या तसं सांगतात, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घेतात, आणि पेपरातले उरलेले ४४ प्रश्न उद्यावर जातात.